तीन ठोक्यांचं उत्तर

१

आमच्या कॅम्बोर्न क्रीकमध्ये एकवीस माणसं राहतात. शनिवार-रविवारी त्यात तीन-चारशेंची भर पडते. वर डोंगरात, राष्ट्रीय उद्यानात भटकायला निघालेले लोक वाटेत गाडी थांबवतात, स्कोन आणि जॅम खातात, जुन्या बँकेच्या दारात फोटो काढतात आणि ओढ्यावर बसून पाटीत सोनं धुतात. पाट्यांमधल्या वाळूत बेव्हनं सकाळीच चिमूटभर सोन्याचा चुरा टाकलेला असतो, नाहीतर पोरं रडतात. बेव्ह म्हणजे आमची तिकीट खिडकी, चहावाली आणि गावाचं वर्तमानपत्र, सगळं एकात.

माझ्याकडे इंजिनघर आहे. गेली नऊ वर्षं, शनिवार-रविवार, दहा ते चार. डोक्याला झालरीची टोपी, कमरेला एप्रन आणि तोंडात तेच भाषण.

"हे रहाटाचं इंजिन. बाहेर लाकडी मनोरा दिसतोय ना, त्याच्याखाली कॉन्स्टन्स खाणीची विहीर आहे, नऊशे फूट. माणसं लोखंडी पिंजऱ्यातून खाली-वर जायची. इंजिनवाल्याला इथे बसून विहिरीतलं काही दिसत नाही. त्यानं चालायचं ते दोन गोष्टींवर. पहिली हा पत्रा. खालून दोरी ओढली की ही हातोडी पत्र्यावर पडते. एक ठोका म्हणजे वर घे, आणि पिंजरा चालू असेल तर थांबव. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे माणसं चढतायत. तीन आले की इंजिनवाल्यानं उलट तीन द्यायचे. ते उत्तर ऐकल्याशिवाय कुणी पिंजऱ्यात पाय ठेवायचा नाही. दुसरी गोष्ट हा काटा. फळ्यावर ज्या रेघेसमोर काटा, त्या मजल्यावर पिंजरा. बघा, सातव्या रेघेवर आहे. अडुसष्ट साली खाण बंद झाली तेव्हा पिंजरा सातव्या मजल्यावर होता. तिथेच सोडला आणि वर सिमेंटचं झाकण घातलं."

मग पोरं रांग लावून हातोडीच्या दोरीची मूठ ओढतात आणि ठणठणाट करतात. त्यांच्यासाठी दोरीचा तुकडा ठेवलाय, झाकणातल्या नळीतून हातभर खाली गेलेला. रोज एक तरी बाप विचारतो, "खाली अजून कुणी आहे का हो?" मी म्हणते, "असतील, पण त्यांनी तिकीट काढलेलं नाही." सगळे हसतात.

२

त्या खाणीचा शेवटचा इंजिनवाला म्हणजे माझे बाबा, पर्सी पेन्गेली. फळ्यावरच्या खडूच्या रेघा त्यांच्याच हातच्या, म्हणून तो फळा मी पुसत नाही आणि दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही. बाबा फार बोलायचे नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी आम्हा भावंडांना पढवून ठेवली होती. उत्तर दिलंस की तू शब्द दिलास. मग माणसं वर येऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, घराला आग लागली तरी.

नेव्हिल माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याला अंधाराची भीती वाटायची. आमच्या खोल्यांमध्ये एक लाकडी भिंत होती. तो तीन ठोके द्यायचा, मी तीन परत द्यायचे, की हा झोपला. पुढे तो उद्यानात रखवालदार झाला. त्याचं काम म्हणजे रानात विखुरलेल्या जुन्या खाणींची तोंडं शोधून त्यांना कुंपण घालायचं. डोंगरात जिथे फोन लागायचा बंद होतो, तिथे गाडी उभी करून तो मला तीन रिंग द्यायचा. मी तीन परत द्यायचे. मग तो पायवाटेला लागायचा. पन्नाशी उलटलेला बाप्या! त्याची बायको शेरिल हसायची. "दोघं अजून पाळण्यात आहात," म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका बुधवारी गावात शाळेची सहल आली होती. चाळीस पोरं, म्हणून मला बोलावलं होतं. एप्रनच्या खिशात फोन तीनदा वाजला. देऊ नंतर, असं म्हणून मी एका पोराला चाकापासून ओढलं. मग जेवण झालं, मग चहा झाला. आठवलं तेव्हा साडेचार वाजले होते. मी घरी येऊन तीन रिंग दिल्या.

गाडी डोंगरात पायवाटेच्या तोंडाशी सापडली. दार उघडं होतं. बॉनेटवर थर्मासचं झाकण, त्यात गार झालेला चहा. तो थांबला होता. किती वेळ थांबला असेल, ते मला माहीत नाही. अकरा दिवस शोधलं. त्या रानात खाणींची तोंडं शेकड्यानं आहेत, नकाशावर निम्मीसुद्धा नाहीत.

सगळ्यांनी मला विचारलं आणि सगळ्यांना मी सांगितलं, की हो, मी लगेच उत्तर दिलं होतं.

त्यानंतर दुःख असं काही झालं नाही. मी वाट पाहिली त्याची, आलंच नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, तशी मी होते. चावलं तरी कळत नव्हतं.

या ईस्टरला शेरिल एक फॉर्म घेऊन आली. नेव्हिल मेला असं जाहीर व्हायला त्याच्याशी शेवटचं बोललेल्या माणसाचा जबाब लागतो. शेवटचा संपर्क केव्हा, कसा, काय घडलं. खाली सही. मी तो फॉर्म आईच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याखाली ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

३

ईस्टरनंतरचा शनिवार. सव्वा वाजला होता. दारावर 'दोनला उघडेल' ही पाटी लावून मी बाबांच्या खुर्चीत बसून चीज-लोणच्याचं सँडविच खात होते. बाहेर बेव्ह कुणाला तरी सांगत होती की स्वच्छतागृह चर्चच्या मागे आहे.

पत्र्यावर तीन ठोके पडले.

माझा उजवा हात वर गेला, मूठ ओढली, तीन ठोके दिले आणि परत सँडविचवर आला. तोंडातला घास तसाच होता. तो मी चावला, गिळला, आणि मगच माझ्या लक्षात आलं की इंजिनघरात मी एकटी आहे.

मी मुठीकडे पाहत राहिले. दोरी जरा हलत होती, पण ती मीच ओढलेली होती.

मग एक ठोका पडला. फक्त एकच. वर घे.

४

वारा असेल. नळीतून वारा घुसतो, दोरीला झोका बसतो. नाहीतर वॉम्बॅट. तो प्राणी काय कुठे बिळं करेल सांगता येत नाही. सिमेंट थंडीत आकसतं, हे तर बाबाच सांगायचे. रविवारभर मी ही कारणं आलटून पालटून वापरली आणि ती बरी चालली.

पुढच्या शनिवारी भाषणात मी म्हटलं, "बघा, सातव्या रेघेवर," आणि चष्मेवाली एक मुलगी म्हणाली, "सहाव्या."

काटा सहाव्या रेघेवर होता.

त्या काट्याची साखळी मी जन्मल्यापासून तुटलेली नसेल, पण नऊ वर्षं तरी तुटलेली आहे. गंजून तो फळ्याला घट्ट चिकटलाय. मी माणसं गेल्यावर दोन्ही हातांनी दाबून पाहिला. तसूभर हलला नाही. हाताला गंज लागला आणि ओलसर वास आला, मातीच्या तळघराचा.

मी तिकीट खिडकीशी गेले.

"बेव्ह, इंजिनघरात कुणी काही हलवलं का?"

"हो तर! मी रात्री येऊन इंजिन चालवते. वजन उतरतं म्हणे."

"काटा सहावर आहे."

"तो सहावरच असतो की."

मी खिडकीतलं पोस्टकार्ड तिच्यासमोर धरलं. इंजिनघराचा फोटो, काटा सातवर. बेव्हनं चष्मा वर सरकवला, खाली घेतला.

"मग पोस्टकार्ड चुकीचं छापलंय," ती म्हणाली. "त्यात माझी पण कंबर केवढी दिसते बघ."

५

पाच. त्याच्या पुढच्या शनिवारी चार. आठवड्याला एक मजला, धीमेपणानं. इतका धीमा पिंजरा बाबांनी फक्त एकदा चालवला होता, एका माणसाचा पाय मोडला होता तेव्हा.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? पर्यटकांसाठी मी भाषण बदललं. "काटा असा फिरायचा," एवढंच म्हणायचे, आकडा घेत नव्हते. एका बापानं नेहमीचा प्रश्न विचारला, खाली अजून कुणी आहे का. मी उत्तर दिलं नाही. तो ओशाळून हसला आणि पोराला घेऊन बाहेर गेला.

भीती वाटत होती का? वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तीन वर्षांनी मी कुणाला तरी वेळेवर उत्तर दिलं होतं. आता शब्द दिला होता, आणि मी खुर्चीत होते. आठवड्याचे पाच दिवस मी तिथे नसते, हे मला टोचायचं. म्हणून मी मंगळवारी, गुरुवारी पण जायला लागले. बंद इंजिनघरात दुपारभर बसायचं, हात मुठीजवळ ठेवून. कधी कधी भिंतीतून, खूप खालून, काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. लोखंडाला लोखंड. मी ऐकत बसायचे आणि डबा खायचे.

काटा तीनवर आला तेव्हा मनात एक गोष्ट आली आणि मी ती लगेच बाजूला सारली. रानातल्या खाणी खालून एकमेकींना मिळालेल्या आहेत, हे बाबा सांगायचे. नेव्हिल कुठूनही आत पडला असेल. चालत चालत आमच्या विहिरीशी पोचला असेल.

तीन वर्षं लागतीलच की एवढ्या अंधारात.

६

काटा दोनवर असताना शेरिल आली. आईच्या ओट्यापाशी उभी राहिली, कोटसुद्धा काढला नाही. साखरेचा डबा उचलून तिनं फॉर्म पाहिला.

"कोराच आहे."

"करते," मी म्हटलं.

"दीड महिना झाला, लोइस. चार ओळी आहेत."

"जरा थांब. एवढे दोन आठवडे."

"दोन आठवड्यांत काय होणारे?"

आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. ती चौऱ्याऐंशीची आहे. ऐकू येतं तेवढं ऐकते, बाकीचं सोडून देते.

शेरिल खाली बसली. तिचे हात थंडीनं लाल झाले होते. "मला त्याच्या नावाचा दगड बसवायचाय गं. मला कुठेतरी जाऊन उभं राहायचंय. रोज संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी अजून ताट काढते. वेड लागेल मला. तू कशाला अडवून धरतेस? तुलाच तर त्यानं शेवटचं सांगितलं होतं. तू उत्तर दिलंस, तो गेला. यात तुझा काय दोष आहे?"

"दोष नाही," मी म्हटलं.

"मग लिही ना."

आईनं वाटाण्याची शेंग मोडली. "रविवारी लिहील ती," ती म्हणाली. "हो ना, लोइस?"

७

पुढच्याच शनिवारी काटा एकवर होता, आणि रविवारी सकाळी एकच्याही बोटभर वर. त्या दिवशी डोंगरावरून धुकं उतरलं आणि गावात येऊन बसलं. तीननंतर एकही गाडी आली नाही. बेव्हनं खिडकी लावली. "चल गं, सूप प्यायला ये," म्हणाली. मी म्हटलं, मागून येते.

इंजिनघरात मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि काट्याकडे पाहत राहिले. तो सरकताना दिसत नव्हता. डोळे मिटले, उघडले, की जरा वर असायचा. लोखंडाचा आवाज आता खालून नाही, बाहेरून येत होता. मग काटा वरच्या जाड रेघेला लागला.

एक ठोका. थांबव.

आवाज थांबला.

इंजिनघर ते विहीर वीस पावलं आहेत. मनोऱ्याखाली लाकडी फळ्यांचा कट्टा, त्यावर गजांचं फाटक, आणि फाटकामागे सिमेंटचं झाकण, ज्यावर उन्हाळ्यात पोरं उभी राहून फोटो काढतात. फाटकाची कडी बाहेरच्या बाजूला आहे. पूर्वीपासून तशीच. पिंजऱ्यातल्या माणसांना आतून उघडता येत नाही, वरच्या माणसानं उघडायचं.

धुक्यात फाटकाच्या पलीकडचं दिसत नव्हतं. गजांवर हात होते.

गज धरून उभे राहिलेले हात, मनगटापर्यंत काळे, ओले. कामाची पाळी संपल्यावर माणसं जशी फाटक उघडायची वाट बघत उभी राहतात, तसे. कुणी बोलत नव्हतं, कुणी गज हलवत नव्हतं. मी मोजायला लागले आणि आठवर सोडून दिलं, कारण मागे अजून होते.

कडीच्या जवळच्या हातावर नेव्हिलचं घड्याळ होतं. शेरिलनं चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं, पट्टा तुटला म्हणून त्यानं हिरव्या तारेनं बांधलेलं. ती तार मीच त्याला दिली होती, टोमॅटोच्या रोपांची.

"नेव्हिल," मी म्हटलं.

माझा हात कडीवर होता. कडी गार होती आणि सहज उघडेल अशी होती. तीन वर्षं जे गालात बधिर होतं, ते एकदम दुखायला लागलं. मला त्याला ओरडून सांगायचं होतं की चाळीस पोरं होती रे, मी विसरले, मी विसरले.

मग मला ते दिसलं. नेव्हिल घड्याळ डाव्या हातात घालायचा. हा उजवा हात होता. समोरच्या माणसाचा डावा-उजवा उलट दिसतो, म्हणून मी माझे दोन्ही हात तसेच समोर धरून पाहिले. अंगठा कुठे येतो ते पाहिलं. उजवाच होता. बोटं आखूड आणि रुंद होती. ती ओळखीची नव्हती.

तीन ठोके म्हणजे माणसं. कोण, कुठली, ते तीन ठोक्यांत नसतं. हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना तशी गरज पडली नाही.

मी मागे फिरले. इंजिनघरात आले, मूठ धरली आणि दोनदा ओढली. खाली सोड.

दारातून फाटक दिसत होतं. हात एक एक करून गजांवरून सुटले. काही तक्रार नव्हती. घड्याळाचा हात सगळ्यात शेवटी सुटला. मग लोखंड घासत खाली गेलं, येताना आलं त्यापेक्षा फार जोरात, आणि काटा एक, दोन, तीन करत सातव्या रेघेवर जाऊन बसला.

शब्द मोडणारी इंजिनवाल्याची मुलगी मी पहिलीच असेन. फॉर्म माझ्या एप्रनच्या खिशात होता, कारण आईनं रविवार म्हटलं होतं. बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवून मी लिहिला. 'सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तीन रिंग आल्या. मी उत्तर दिलं नाही. तो माझ्यासाठी थांबला होता.' सही केली. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बधिरपणा परत जागेवर आला होता.

८

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. स्वयंपाकघरात दिवा होता, चूल तापलेली होती. आईनं टेबलावर चांगली चादर घातली होती आणि तिच्यावर घरातले सगळे कप मांडले होते. लग्नातले, फुटक्या कानाचे, खाणीच्या क्लबचे पत्र्याचे मग, माझा लहानपणचा सशाचा कपसुद्धा.

"कोण येणारे?" मी विचारलं.

"फॉर्म लिहिलास?"

"लिहिला. खरं लिहिलं, आई. मी त्याला..."

"बरं केलंस." तिनं एक कप पुसून परत ठेवला. "मघाशी नेव्हिलच्या खोलीतून आवाज आला. भिंतीवर. तीन."

मी टेबलाची कड धरली. "केव्हा?"

"अर्धा तास झाला असेल."

"मग?"

"मग काय? काठीनं दिलं उत्तर. तीन."

"का दिलंस? आई, का दिलंस तू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, खूप दिवसांत इतके स्वच्छ पाहिले नव्हते. "त्या दिवशी साडेचारला तू या दारातून आलीस, आणि तोंड पांढरं करून फोन लावलास. इथेच, या टेबलाशी. मी वाटाणेच सोलत होते. मी तुला कधी बोलले का?"

"नाही."

"पोटचं पोर आहेस, बोलून काय करणार? पण एकदा उत्तर द्यायचं राहिलं ना, लोइस. दुसऱ्यांदा कसं राहू द्यायचं?"

"तो नाहीये तो," मी म्हटलं. "आई, ऐक माझं. तो नेव्हिल नाहीये. खूप जण आहेत."

"असतील. म्हणून तर सगळे कप काढले. तीन ठोक्यांत किती ते कुठे कळतं?"

ती खुर्चीवर टेकली, काठी गुडघ्यांमध्ये धरून, पाठ ताठ. बाबा बसायचे तशी. नेव्हिलच्या लहानपणच्या खोलीला आम्ही तीन हिवाळे बाहेरून कडी लावून ठेवली आहे, थंडी घरात येते म्हणून. बोळातून त्या दाराकडून ओलसर वास येत होता.

"जा, कडी काढ," आई म्हणाली. "त्यांना आतून उघडता येत नाही."

मी जागची हलले नाही. किटलीतलं पाणी उकळत होतं.

भिंतीवर एक ठोका पडला.

"पोचले," आई म्हणाली, आणि उठून तिनं किटली उचलली.